इंग्रजीतील व्यक्तिनिरपेक्ष सर्वनामे : भेस्तान परिसरातील मराठी विद्यार्थ्यांच्या संदर्भात

प्रस्तावना

मुंबई-सुरत लोहमार्गावर सचिन आणि उधना या दोन स्थानकांच्या मध्ये भेस्तान हे स्थानक आहे. भेस्तान, पांडेसरा, उधना आणि डिंडोली हा सुरत शहराच्या दक्षिण भागातील कामगारवस्तीचा पट्टा होय. यंत्रमाग आणि कापडाच्या रंगाई-छपाईच्या गिरण्या हा येथील उपजीविकेचा मुख्य आधार आहे. जळगाव, धुळे व नंदुरबार या जिल्ह्यांतून अनेक मराठी कुटुंबे या भागात येऊन स्थायिक झाली. त्यांच्या घरात अहिराणी किंवा खानदेशी वळणाची मराठी बोलली जाते, शेजारी हिंदी, उर्दू किंवा ओडिया कानावर पडते आणि दुकानात व कचेरीत गुजरातीवाचून चालत नाही. सुरत महानगरपालिकेच्या प्राथमिक शाळाही गुजराती, मराठी, हिंदी, उर्दू, ओडिया, तेलुगू आणि इंग्रजी अशा अनेक माध्यमांतून चालतात.

अशा बहुभाषिक परिसरातील विद्यार्थी कम्युनिटी कॉलेजमध्ये इंग्रजी शिकण्यास येतो तेव्हा त्याच्याजवळ भाषांचे ज्ञान कमी नसते. तरीही काही साध्या वाक्यांपाशी तो अडखळतो. 'पाऊस पडतो आहे' याचे इंग्रजी करताना तो 'रेन इज फॉलिंग' म्हणतो किंवा नुसतेच 'इज रेनिंग' म्हणून थांबतो. 'इट इज रेनिंग' हे वाक्य त्याने अनेकदा वाचलेले असते, परंतु त्यातील 'इट' म्हणजे काय हे त्याला कोणी सांगितलेले नसते. 'दे से' मधील 'दे' कोण आणि 'यू नेव्हर नो' मधील 'यू' कोण, हाही असाच प्रश्न आहे. प्रस्तुत लेखात या शब्दांचे कार्य, मराठीतील त्यांचे समांतर प्रयोग आणि अध्यापनाची एक सोपी दिशा यांचा विचार केला आहे.

संज्ञेचा अर्थ

सर्वनाम हे नामाऐवजी येते, अशी व्याख्या शाळेत शिकवली जाते. व्यक्तिनिरपेक्ष सर्वनामांना ही व्याख्या पुरत नाही, कारण ती कोणत्याही ठरावीक नामाऐवजी आलेली नसतात. त्यांचे दोन गट करता येतात.

पहिला गट रिकाम्या कर्त्याचा. यात 'इट' येते. 'देअर' हा शब्द परंपरेने सर्वनाम मानला जात नसला तरी त्याचे काम याच प्रकारचे असल्याने तो सोबत शिकवणे सोयीचे ठरते. दुसरा गट 'कोणीही' या अर्थाचा. यात 'वन', 'यू' आणि 'दे' ही सर्वनामे येतात. येथे कर्ता माणूसच असतो, पण तो अमुक एक माणूस नसतो.

आपल्याकडील प्रचलित इंग्रजी व्याकरणांत 'वन' आणि 'दे' हे अनिश्चित सर्वनामांत, 'इट' वेगळ्या कलमात, 'यू' पुरुषवाचक सर्वनामांत आणि 'देअर' क्रियाविशेषणांत विखुरलेले सापडतात. त्यामुळे हे सर्व शब्द एकाच गरजेतून आले आहेत हे विद्यार्थ्याच्या लक्षात येत नाही. ती गरज अशी की, इंग्रजीतील साध्या विधानात कर्त्याची जागा सहसा रिकामी ठेवता येत नाही.

मराठीत हे काम कोण करते?

मराठीत ही सक्ती नाही. 'उजाडले', 'सांजावले', 'मला मळमळते', 'आज फार उकडते' या वाक्यांत रूढ अर्थाने कर्ता दाखवता येत नाही. शालेय व्याकरणात अशा क्रियापदांना भावकर्तृक क्रियापदे म्हणतात. 'माणसाने जपून चालावे' यासारख्या भावे प्रयोगातही क्रियापद कर्त्याच्या लिंगवचनाप्रमाणे बदलत नाही. ते तृतीयपुरुषी, नपुंसकलिंगी, एकवचनी राहते.

ही शेवटची गोष्ट इंग्रजीच्या शिक्षकाला फार उपयोगी आहे. 'उजाडले' यातील 'ले' हा प्रत्यय तृतीयपुरुषी, नपुंसकलिंगी, एकवचनी आहे. इंग्रजीतील 'इट' हे सर्वनामही तृतीयपुरुषी, नपुंसकलिंगी, एकवचनीच आहे. म्हणजे जी खूण मराठी क्रियापदाच्या शेवटी करते, तीच इंग्रजी वाक्याच्या आरंभी करते. व्यक्तिनिरपेक्ष बोलण्याची पद्धत दोन्ही भाषांत आहे, फक्त तिची जागा निराळी आहे. मराठीत ती क्रियापदात राहते आणि इंग्रजीत सर्वनामात. हे एकदा समजले की 'इट' हा शब्द परका वाटत नाही.

या संदर्भात एका ऐतिहासिक योगायोगाची नोंद करणे उचित होईल. मराठीचे आद्य व्याकरणकार म्हणून ओळखले जाणारे दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचे व्याकरण १८३६ साली प्रसिद्ध झाले. त्याची मांडणी बऱ्याच अंशी इंग्रजी व्याकरणाच्या धर्तीवर होती. पुढे दादोबा सुरतेस इंग्रजी शाळेत शिक्षक होते आणि १८४४ मध्ये दुर्गाराम मेहताजी यांच्यासमवेत त्यांनी तेथे मानवधर्मसभा स्थापन करण्यात पुढाकार घेतला. इंग्रजी व्याकरणाच्या साच्यातून मराठीकडे पाहणारा शिक्षक सुरतेने असा फार पूर्वी पाहिला आहे. १९११ साली मोरो केशव दामले यांचे 'शास्त्रीय मराठी व्याकरण' आले आणि त्यात मराठीच्या प्रयोगांची स्वतंत्रपणे विस्तृत चर्चा झाली. आज भेस्तानच्या वर्गात गरज आहे ती उलट दिशेच्या प्रवासाची, म्हणजे मराठीच्या प्रयोगांवरून इंग्रजीकडे जाण्याची.

रिकामी जागा भरणारे 'इट' आणि 'देअर'

'पाऊस पडतो आहे' या वाक्यात 'पाऊस' हा कर्ता आहे. गुजरातीत 'वरसाद पडे छे' आणि हिंदी-उर्दूत 'बारिश हो रही है' म्हणतात. तिन्हींत पाऊस हे नामच कर्त्याच्या जागी आहे. इंग्रजीने मात्र 'रेन' या शब्दाचे क्रियापद केले. पाऊसच क्रियापदात गेल्यामुळे कर्त्याची जागा ओस पडली आणि ती 'इट'ने भरली. म्हणून या 'इट'चे भाषांतर 'ते' असे करू नये. त्याचे भाषांतर होतच नाही.

वेळ सांगतानाही हाच फरक दिसतो. मराठीत 'एक वाजला' आणि 'पाच वाजले', गुजरातीत 'एक वाग्यो' आणि 'पांच वाग्या', हिंदीत 'एक बजा है' आणि 'पाँच बजे हैं'. या भाषांत वाजणारा आकडा हाच कर्ता असल्याने क्रियापद त्याच्या वचनाप्रमाणे बदलते. इंग्रजीत मात्र 'इट इज वन ओक्लॉक' आणि 'इट इज फाइव्ह ओक्लॉक' असे दोन्हीकडे एकवचनच राहते, कारण क्रियापद आकड्याकडे पाहत नाही, 'इट'कडे पाहते.

'इट'चा आणखी एक उपयोग म्हणजे लांबलचक कर्ता वाक्याच्या शेवटी ठेवून त्याची जागा आधी धरून ठेवणे. 'इट इज डिफिकल्ट टु रिपेअर धिस मशीन' या वाक्यात खरा कर्ता 'टु रिपेअर धिस मशीन' हा आहे. हे समजावण्यासाठी प्रवासातील एक परिचित गोष्ट उपयोगी पडते. गर्दीच्या गाडीत पुढे चढलेला माणूस बाकावर रुमाल टाकतो आणि मागून येणाऱ्यासाठी जागा धरतो. 'इट' हा तो रुमाल होय. 'इट इज डिफिकल्ट टु रिपेअर' मध्ये मागून खरा प्रवासी येतो. 'इट इज रेनिंग' मध्ये कोणीच येत नाही, रुमाल तसाच राहतो. परंतु दोन्ही वेळा जागा रिकामी दिसता कामा नये, हा इंग्रजीचा नियम पाळला जातो.

नेहमीचे 'इट' आणि व्यक्तिनिरपेक्ष 'इट' यांतील भेद ओळखण्यासाठी 'काय?' असा प्रश्न विचारावा. 'इट इज ऑन द टेबल', टेबलावर काय आहे? पुस्तक. उत्तर मिळाले, म्हणजे ते नेहमीचे सर्वनाम. 'इट इज लेट', काय लेट आहे? गाडीविषयी बोलणे चालले असेल तर उत्तर 'गाडी' असे येईल आणि ते नेहमीचे सर्वनाम ठरेल. रात्र झाली एवढेच सांगायचे असेल तर या प्रश्नाला उत्तरच नाही. एकच वाक्य संदर्भाने दोन प्रकारचे होऊ शकते, हे या उदाहरणावरून दाखवता येते.

'देअर' विषयी गोंधळ होतो तो 'तिथे' या अर्थामुळे. 'देअर इज अ मॅन देअर' हे वाक्य फळ्यावर लिहावे. यातील दुसऱ्या 'देअर'चा अर्थ 'तिथे' आहे, पहिला केवळ जागा धरतो. मात्र 'देअर'चे वागणे 'इट'सारखे नाही. 'इट'सोबत क्रियापद नेहमी एकवचनी असते, तर 'देअर'सोबत ते पुढे येणाऱ्या नामाप्रमाणे बदलते : 'देअर इज अ लूम', पण 'देअर आर ट्वेंटी लूम्स'.

'वन', 'यू' आणि 'दे'

'कोणीही' हा अर्थ मराठी अनेक प्रकारे व्यक्त करते. 'अंथरूण पाहून पाय पसरावे' या म्हणीत कर्त्याचा उल्लेखच नाही. 'माणसाने जपून चालावे' येथे 'माणूस' हा शब्द साऱ्यांसाठी आहे. 'आपण चांगले वागलो की लोकही चांगले वागतात' येथे 'आपण' आहे. बोलण्यात 'तू कितीही कर, लोक नावे ठेवतातच' असेही म्हणतात आणि त्यातील 'तू' समोरचा माणूस असेलच असे नाही.

'माणूस' या शब्दाचा असा उपयोग केवळ मराठीत नाही. गुजरातीत 'माणसे साचुं बोलवुं जोईए' आणि हिंदी-उर्दूत 'इन्सान को सच बोलना चाहिए' असे म्हणतात. जर्मन भाषेतील 'मान' हे सर्वनाम माणूस या अर्थाच्या शब्दापासूनच बनले आहे आणि फ्रेंचमधील याच कार्याचे सर्वनाम माणूस या अर्थाच्या 'होमो' या लॅटिन शब्दापासून आले आहे. जुन्या इंग्रजीतही 'मान' हा शब्द असाच वापरला जाई. पुढे तो मागे पडला आणि 'वन' हा शब्द त्या जागी रूढ झाला. त्यामुळे 'माणसाने' म्हणणारा विद्यार्थी 'वन'च्या अगदी जवळ उभा आहे, असे शिक्षकाने निःशंकपणे सांगावे.

आजच्या इंग्रजीत या तिन्ही सर्वनामांची क्षेत्रे पुढीलप्रमाणे आहेत.

'वन' : हा औपचारिक लेखनातील शब्द आहे. त्यात बोलणारा आणि ऐकणारा दोघेही येतात. 'वन शुड वॉश वन्स हँड्स' अशी रचना ब्रिटिश वळणाची आहे. अमेरिकन वळणात दुसऱ्या वेळी 'वन्स'ऐवजी 'हिज' वापरण्याची परंपरा होती. एकाच परिच्छेदात 'वन' वारंवार आले तर लेखन अवघडलेले वाटते. 'द रेड वन' मधील 'वन' मात्र वेगळे आहे. ते आधी आलेल्या नामाची पुनरुक्ती टाळते.

'यू' : हा बोलण्यातील शब्द आहे. 'यू शुड वॉश युअर हँड्स बिफोर ईटिंग' हे वाक्य समोरच्याला उद्देशून असू शकते, तसेच सर्वांसाठीही असू शकते. मराठी विद्यार्थ्याला 'यू' म्हटले की 'तू' किंवा 'तुम्ही' आठवते आणि त्यापाठोपाठ मानाचा प्रश्न येतो. वडीलधाऱ्या अधिकाऱ्याशी बोलताना सर्वसाधारण गोष्टीसाठी 'यू' वापरणे त्याला उद्धट वाटते. तसे ते नसते, हे स्पष्ट करावे. 'अंथरूण पाहून पाय पसरावे' या म्हणीशी समांतर असलेल्या इंग्रजी म्हणीचे उदाहरण सुरतेत चपखल बसते : 'कट युअर कोट अकॉर्डिंग टु युअर क्लॉथ'. यातील 'युअर' कोणा एकाचा नव्हे, तो सर्वांचा आहे.

'दे' : यात बोलणाराही येत नाही आणि ऐकणाराही येत नाही. 'येथे नवी गिरणी काढणार आहेत म्हणे' या वाक्यात काढणारे कोण हे सांगितलेले नाही, तरी ते आपण दोघे नव्हे, हे स्पष्ट आहे. इंग्रजीत 'दे आर गोइंग टु ओपन अ न्यू मिल हिअर' असे होईल. 'म्हणतात की', 'सुना है', 'कहते हैं' या प्रयोगांना 'दे से', 'पीपल से' आणि अधिक औपचारिक 'इट इज सेड दॅट' हे पर्याय आहेत. 'लोक काय म्हणतील?' याचे मात्र 'व्हॉट विल पीपल से?' असेच करावे. तेथे 'दे' घातल्यास ऐकणारा आधी उल्लेख झालेल्या माणसांचा शोध घेऊ लागतो.

कारखान्यातील इंग्रजी

कम्युनिटी कॉलेजचा विद्यार्थी व्याकरण शिकतो ते नोकरीच्या ठिकाणी उभे राहता यावे म्हणून. तेथे ही छोटी सर्वनामे तीन ठिकाणी निर्णायक ठरतात.

पहिले ठिकाण सूचनांचे. 'इट इज डेंजरस टु ओपन द कव्हर' अशी सूचना वाचताना विद्यार्थी 'इट' म्हणजे यंत्र असे समजला तर 'यंत्र धोक्याचे आहे' एवढाच अर्थ त्याच्या हाती लागतो. धोका यंत्रात नसून झाकण उघडण्यात आहे, हा सूचनेचा गाभा निसटतो. रुमालामागून येणारा प्रवासी कोण, हे ओळखण्याची सवय येथे हात वाचवू शकते.

दुसरे ठिकाण तोंडी किंवा लेखी कळवण्याचे. पट्ट्यावरील संरक्षक जाळी सैल झाली आहे, फरशीवर तेल सांडले आहे, हे नव्या कामगाराने पर्यवेक्षकाला सांगायचे आहे. 'यू हॅव नॉट रिपेअर्ड द गार्ड' म्हटल्यास तो आरोप होतो. आरोप करण्याची हिंमत नसल्यामुळे अनेकदा माणूस काहीच बोलत नाही. 'देअर इज ऑइल ऑन द फ्लोअर' किंवा 'इट इज नॉट सेफ टु रन धिस मशीन' म्हटल्यास कोणावर बोट न दाखवता धोका कळवता येतो. मराठीत 'तेल सांडले आहे' म्हणताना आपण हेच करतो, सांडणाऱ्याचे नाव घेत नाही. तीच सभ्यता इंग्रजीत कशी आणावी, हे 'इट' आणि 'देअर' शिकवतात.

तिसरे ठिकाण याच्या उलट आहे. 'इट हॅज बीन डिसायडेड दॅट ओव्हरटाइम विल नॉट बी पेड' असा कागद कामगाराच्या हाती आला, तर त्यात ठरवणारा कोण हे कोठेच दिसत नाही. मराठी परिपत्रकातील 'असे ठरविण्यात आले आहे' हीदेखील हीच रचना. व्यक्तिनिरपेक्ष भाषा जशी सभ्यता राखते, तशीच ती जबाबदारी झाकते. अशा वाक्यापाशी थांबून 'हू डिसायडेड?' असा प्रश्न मनात उभा करणे आणि योग्य ठिकाणी तो नम्रपणे विचारणे, हे विद्यार्थ्याला आले पाहिजे. कर्ता लपवता येणे हे भाषेचे एक कौशल्य आहे आणि लपवलेला कर्ता शोधता येणे हे दुसरे. कामगाराच्या दृष्टीने दुसऱ्याची गरज अधिक आहे.

वर्गात काय करावे?

अध्यापनाचा पुढील क्रम उपयुक्त ठरेल.

१. आरंभ इंग्रजीने करू नये. 'उजाडले', 'उकडते', 'पाच वाजले', 'म्हणतात', 'माणसाने जपून चालावे' ही पाच उदाहरणे फळ्यावर लिहून प्रत्येकात कर्ता कोण, असे विचारावे. गुजराती, हिंदी किंवा उर्दू माध्यमातून आलेल्यांनी आपापल्या भाषेतील वाक्ये सांगावीत. 'पाच वाजले' येथे आकडाच कर्ता असल्याचे कोणीतरी सांगेल आणि चर्चा आपोआप सुरू होईल.

२. त्यानंतर इंग्रजी वाक्ये द्यावीत आणि कर्त्याच्या जागी कोण बसले आहे, एवढेच ओळखण्यास सांगावे. या टप्प्यावर भाषांतर करून घेऊ नये. शब्दास शब्द ठेवण्याच्या सवयीतूनच 'इट'चे 'ते' होते.

३. 'काय?' आणि 'कोण?' या दोन प्रश्नांची कसोटी लावावी. उत्तर मिळाले तर नेहमीचे सर्वनाम, न मिळाले तर व्यक्तिनिरपेक्ष.

४. विद्यार्थ्यांनी कामाच्या जागी, दवाखान्यात, बँकेत किंवा रेल्वे स्थानकावर दिसलेल्या इंग्रजी सूचना वहीत उतरवून आणाव्यात. त्यांतील कर्ता दिसतो की लपलेला आहे, यावर गटात चर्चा व्हावी.

५. शेवटी एकच घटना दोन प्रकारे लिहून घ्यावी. एकदा कर्त्याचे नाव घेऊन आणि एकदा न घेता. कोणत्या प्रसंगी कोणता प्रकार योग्य, हे विद्यार्थ्याने स्वतः सांगावे.

येथे एक दक्षता घ्यावी. प्रत्येक मराठी भावकर्तृक वाक्याला इंग्रजीत 'इट' लागतेच असे नाही. 'मला मळमळते' याचे 'आय फील सिक' होते, म्हणजे इंग्रजी त्या माणसालाच कर्ता करते. 'रेन इज फॉलिंग' हेही व्याकरणदृष्ट्या अशुद्ध नाही, केवळ रोजच्या बोलण्यात ते कमी वापरले जाते. 'हाऊ फार इज उधना फ्रॉम भेस्तान?' आणि 'हाऊ फार इज इट फ्रॉम भेस्तान टु उधना?' ही दोन्ही वाक्ये बरोबर आहेत. विद्यार्थ्याचे बरोबर वाक्य केवळ पुस्तकातील वाक्यापेक्षा निराळे आहे म्हणून चूक ठरवल्यास त्याचा आत्मविश्वास जातो.

समारोप

'इट', 'देअर', 'वन', 'यू' आणि 'दे' हे शब्द पहिलीच्या पुस्तकातील आहेत. त्यामुळे ते सोपे समजून पुढे जाण्याची प्रवृत्ती दिसते. प्रत्यक्षात मराठी आणि इंग्रजी या दोन भाषा वाक्यातील कर्त्याकडे किती वेगळ्या रीतीने पाहतात, हे याच शब्दांतून कळते. मराठी कर्त्यावाचून निभावते, इंग्रजीला कोणीतरी तेथे बसवावे लागते. विद्यार्थ्याच्या घरच्या भाषेत जे आधीपासून आहे त्यावरून सुरुवात केली, तर पाठांतराचा भार कमी होतो आणि सूचना वाचणे, धोका कळवणे व कागदामागील माणूस ओळखणे या तिन्ही गोष्टी त्याच्या आवाक्यात येतात. व्याकरणाच्या एका तासाकडून भेस्तानच्या विद्यार्थ्याची एवढी अपेक्षा रास्तच मानली पाहिजे.